करवत कुठे चालली, ते आधी विचारा

गेल्या पावसाळ्यात जेवणाच्या टेबलासाठी चार खुर्च्या करायला टाकल्या. सागाचा भाव ऐकून घरात शांतता पसरली, तेव्हा सुतारकाकांनी कोपऱ्यातली एक गुलाबीसर फळी ओढून काढली.

"स्टीम बीच घ्या. जर्मनीचं लाकूड. खुर्चीला झकास चालतं."

"जर्मनीचं कशावरून?"

"वखारवाला सांगतो ना. माल तिकडून येतो."

बीच म्हणजे समुद्रकिनारा नव्हे, हे आधी सांगून टाकतो. बीच हे युरोपातलं एक पानझडी झाड. त्याचं ताजं लाकूड फिकट असतं. फळ्या बंद खोलीत रचून वाफ दिली की रंग गुलाबीकडे झुकतो, सगळीकडे सारखा होतो आणि लाकडातला ताण उतरतो. म्हणून ते 'स्टीम' बीच. आता हे झाड जर्मनीत वाढतं तसंच फ्रान्समध्ये, स्लोव्हेनियात, क्रोएशियात, स्लोव्हाकियात आणि रुमानियाच्या कार्पेथियन डोंगरांतही वाढतं. ओंडका एका देशातला, वाफ दुसऱ्या देशात, जहाज तिसऱ्याच देशाच्या बंदरातून, हे तिकडे रोजचं आहे. मग माझी खुर्ची कुठली?

काकांचं उत्तर होतं, माल आला तिथली. गंमत म्हणजे आयात-निर्यातीची सरकारी आकडेवारीही बऱ्याचदा यापेक्षा फार वेगळं काही सांगत नाही. ओंडका चिरून त्याची फळी झाली की कस्टमच्या हिशेबात बहुतेक वेळा ती चिरणाऱ्या देशाची होते. त्यामुळे युरोपातल्या देशांचा हार्डवुडचा व्यापार शेजारी-शेजारी मांडून बघायचा, तोही शे-दोनशे वर्षांच्या अंतराने, तर एक प्रश्न हातात धरूनच चालावं लागतं: करवत कुठे चालली? पैसा करवतीपाशी थांबतो, आणि आकडेही तिथेच रूप पालटतात.

नावावर जाऊ नका

हार्डवुड म्हणजे टणक लाकूड, असं कुणालाही वाटेल. व्यापारात तसं नाही. रुंद पानांच्या झाडाचं लाकूड ते हार्डवुड, सुईसारख्या पानांच्या झाडाचं ते सॉफ्टवुड. साग, शिसव, ऐन, आंबा हे हार्डवुड आहेतच, पण काडेपेटीच्या काड्या ज्या मऊ काटेसावरीच्या करतात तीही हार्डवुड. खेळण्यातली विमानं ज्याची करतात ते हलकंफुलकं बाल्सा हार्डवुडच. उलट यू नावाचं युरोपातलं झाड चांगलं टणक असूनही सॉफ्टवुडमध्ये मोडतं, कारण त्याची पानं सुयांसारखी. क्रिकेटची बॅट घ्या. इंग्लिश विलो मऊ आणि हलका म्हणून तर बॅटीला चालतो, पण कागदोपत्री तो हार्डवुड. स्टंप ज्याचे करतात तो अ‍ॅशही त्याच रांगेत.

एवढं स्पष्ट करायचं कारण असं की नुसतं 'लाकूड' म्हटलं तर युरोपचा एक नकाशा दिसतो आणि 'हार्डवुड' म्हटलं तर दुसराच. पहिल्यात स्वीडन आणि फिनलंड राक्षसासारखे उभे असतात, कारण पाइन आणि स्प्रूस या सुईसारख्या पानांच्या झाडांची जंगलं त्यांच्याकडे आहेत. दुसऱ्यात ते बर्च हे रुंद पानांचं झाड वगळता मागे सरकतात आणि पुढे येतो फ्रान्स. तिथे सुमारे १.७ कोटी हेक्टर जंगल आहे, त्यातलं निम्म्याहून बरंच जास्त रुंद पानांचं, आणि त्यात मोठा वाटा ओकचा. त्याच्या जोडीला जर्मनी, रुमानिया, क्रोएशिया. आणि ज्यांच्याकडे जंगल जेमतेम, ते हॉलंड, डेन्मार्क, ब्रिटन या व्यापारात शतकानुशतकं बडे खेळाडू राहिले आहेत. ते कसे, तीच खरी गोष्ट आहे. पण त्याआधी थोडं मोजमाप.

दोरी, वजन आणि भुसा

लाकडाच्या वखारीत ओंडका कसा मोजतात, बघितलंय का? मधोमध दोरी गुंडाळून घेर काढायचा, त्याचे चार भाग करायचे, एका भागाचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. घेर ४ फूट, लांबी १० फूट: चौथा भाग १ फूट, त्याचा वर्ग १, गुणिले १०. झाले १० घनफूट. शाळेतल्या वर्तुळाच्या सूत्राने हाच ओंडका १२.७ घनफूट भरतो. मधले २.७ घनफूट कुणी चोरलेले नसतात. गोल ओंडका चौकोनी करताना साल आणि कड जाणार, त्याची सूट आधीच दिलेली असते. इंग्लंडमध्येही हीच रीत होती. एडवर्ड हॉपसने १७३६ साली तिची तयार कोष्टकं छापली, तेव्हापासून या मापाला हॉपस फूट म्हणतात. म्हणजे ब्रिटनच्या जुन्या वह्यांतला हॉपस फुटांचा आकडा आजच्या घनमीटरच्या आकड्याशेजारी तसाच ठेवला, तर जुना व्यापार एकवीस टक्क्यांहून जास्त लहान दिसतो. झाडं तेवढीच पडलेली असतात.

वजनाने मोजलं तर वेगळी फजिती. ताजा कापलेला ओक घनमीटरला १००० किलोच्या आसपास असतो, भट्टीत वाळवल्यावर ७०० च्या आसपास. एखाद्या देशाने ओली फळी विकणं बंद करून वाळवलेली विकायला सुरुवात केली, तर टनांच्या आलेखात निर्यात तीस टक्के कोसळलेली दिसेल. प्रत्यक्षात त्याने भट्टी टाकली आणि भाव वाढवून घेतला.

पण सगळ्यात मोठी गफलत करवत करते. हार्डवुडचे साधारण २ घनमीटर ओंडके चिरले तर १ घनमीटर फळ्या हाती लागतात. बाकीचा भुसा, साल, कडा, गाठींचे तुकडे. समजा, एक देश १ लाख घनमीटर फळ्या आणतो आणि शेजारचा दीड लाख घनमीटर ओंडके. आलेखात शेजारी मोठा दिसेल, पण जंगलातून जास्त झाडं पहिल्यानेच उचलली. म्हणून जाणकार सगळा माल ओंडक्यांच्या मापात उलटा फिरवून घेतात: या फळीसाठी किती गोल लाकूड लागलं असेल? जंगलावरचा भार बघायचा तर हा हिशेब उत्तम. पैसा बघायचा तर मात्र तो फसवतो.

फसवतो तो असा. १ घनमीटर लाकडाच्या २५ मिलिमीटर जाडीच्या फळ्या घातल्या तर ४० चौरस मीटर जागा झाकते. त्याच लाकडाचं ०.६ मिलिमीटरचं व्हिनियर, म्हणजे कागदासारखा पातळ पापुद्रा, काढलं, तर कागदावरच्या हिशेबाने १६०० चौरस मीटरच्या वर. एखाद्या मोठ्या मंगल कार्यालयाच्या सगळ्या भिंती झाकून उरेल. घनमीटर तोच. किंमत? ती वेगळ्या दुनियेतली.

लाकडाने स्वतः ठेवलेली वही

आता इतिहास. कॅनव्हास रुळण्याआधी फ्लँडर्स (आजच्या बेल्जियमचा भाग) आणि हॉलंडचे चित्रकार ओकच्या फळ्यांवर चित्रं काढत. या फळ्यांच्या कडेला झाडाची वार्षिक वलयं दिसतात. पाऊसपाणी चांगलं तर रुंद, वाईट तर अरुंद. ती मोजून एका भागातल्या झाडांचा 'बारकोड' तयार करता येतो. विसाव्या शतकात अभ्यासकांनी शेकडो चित्रांची वलयं मोजली. चित्रं तिकडची, म्हणून लाकूडही तिकडचंच असणार असं धरून चालले. पण त्या भागातल्या जुन्या इमारतींच्या लाकडाशी काही वलयं जुळेनात. तिकडे पूर्वी वेगळ्या जातीचा ओक असेल का, इथपर्यंत तर्क गेले. शेवटी १९८० च्या दशकात उत्तर पोलंडच्या ओकची वलयं तयार झाली आणि त्यांच्याशी चित्रं जुळली. फळ्या आल्या होत्या बाल्टिक समुद्राकाठून.

मला हा किस्सा फार आवडतो, कारण तो सुतारकाकांच्या खुर्चीचाच किस्सा आहे. वस्तू जिथे दिसली, तिथलंच लाकूड मानलं गेलं.

त्या थंड, दाट रानात ओक हळूहळू आणि सरळसोट वाढे. वलयं अरुंद, गाठी कमी, म्हणून पाचर ठोकली की सरळ फाटे. असे फाडलेले तक्ते विस्तुला नदीतून गदान्स्क बंदराला येत आणि तिथून हान्सा या व्यापारी शहरांच्या संघातल्या व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ब्रूज, लंडन, पुढे अ‍ॅमस्टरडॅम. इंग्रजीत त्यांना वेन्स्कॉट म्हणत. सतराव्या शतकाच्या मध्यावर युद्धं सुरू झाली, चांगली रानं विरळ झाली आणि चित्रांतून बाल्टिक वलयं जवळपास गायब झाली. व्यापार थांबल्याची नोंद कुणी चौकटीत लिहून ठेवली नव्हती. ती भिंतीवर टांगलेल्या चित्रांत होती.

कागदी वह्याही आहेत म्हणा. बाल्टिकचं तोंड असलेल्या सामुद्रधुनीत, हेल्सिंगोर इथे, डेन्मार्कचा राजा पंधराव्या शतकापासून १८५७ पर्यंत प्रत्येक जहाजाकडून जकात घेत होता. १४९७ पासूनची काही दप्तरं शिल्लक आहेत आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ती सलग होतात. कुठलं जहाज, कुठून निघालं, काय भरलंय, सगळं त्यात आहे. फक्त एक सावधगिरी: लाकडाच्या त्या जुन्या व्यापारात 'शंभर' म्हणजे कित्येकदा १२० नग असत. यादी वाचणाऱ्याने हे विसरलं की सहावा भाग लाकूड हवेत विरलं.

जंगल नसलेल्यांची करवत

हॉलंडकडे झाडं नव्हती, वारा होता. १५९४ च्या सुमारास कॉर्नेलिस कॉर्नेलिझून या माणसाने पवनचक्कीला क्रँकची जोड दिली. चक्कीचं गोल फिरणं करवतीच्या वर-खाली हालचालीत बदललं आणि वाऱ्यावर ओंडके चिरले जाऊ लागले. अ‍ॅमस्टरडॅमच्या उत्तरेला झान नदीकाठी अशा आरागिरण्यांची रांगच उभी राहिली.

मग नॉर्वेहून आणि बाल्टिकहून जहाजातून लाकूड, आणि ऱ्हाईन नदीतून जर्मनीचं. ते तराफे बघायला लोक काठावर जमत असणार. शेकडो मीटर लांब, वर शेकडो माणसं, त्यांच्या राहण्याच्या झोपड्या, स्वयंपाकघर. यात ओकची एक अडचण होती. ताजा ओक इतका जड की पाण्यात जेमतेम तरंगतो, नाहीतर बुडतो. म्हणून त्याला फर नावाच्या झाडाच्या हलक्या ओंडक्यांच्या मध्ये बांधून आणत. म्हणजे सॉफ्टवुड हा हार्डवुडचा वाहक होता, आणि खाली पोचल्यावर तोही विकला जाई. वाया काहीच नाही.

इंग्लंडचं गाडं मात्र अडलं. तिथे खड्ड्यावर ओंडका आडवा ठेवून एक जण वर, एक खाली, अशी हाताने चिराई चाले. १७६८ साली लंडनच्या लाइमहाउस भागात चार्ल्स डिंगली याची वाऱ्यावर चालणारी आरागिरणी चिराईवाल्यांच्या जमावाने फोडून टाकली. पोटावर पाय येतोय म्हटल्यावर दुसरं काय होणार? जंगल कमी आणि करवतही मागे, अशा स्थितीत ब्रिटनला तयार फळ्या घ्याव्या लागल्या. १७२१ च्या एका कायद्याने अमेरिकेतल्या वसाहतींमधून येणाऱ्या लाकडावरची जकात काढली आणि जमैकाची महोगनी इंग्रज दिवाणखान्यांत शिरली.

जहाजांसाठी ओक हवा तो वेगळाच. फ्रान्समध्ये कोल्बेर या मंत्र्याने १६६९ साली जंगलांचा कडक कायदा केला, तो बऱ्याच अंशी आरमारासाठी. ब्रिटनचं 'व्हिक्टरी' हे युद्धनौकांमधलं प्रसिद्ध नाव. तिच्यात सुमारे ६००० झाडं गेली, त्यात बहुतेक ओक. असा खप असल्यावर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश आरमाराने मुंबईकडे मोर्चा वळवला. मुंबई गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मलबारी सागाची 'ट्रिंकोमाली' बांधली; ती १८१७ मध्ये पाण्यात उतरली आणि आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभी आहे. आता ही नौका ब्रिटनच्या लाकूड आयातीच्या तक्त्यात शोधा. सापडणार नाही. करवत मुंबईत चालली होती, त्यामुळे तिकडे गेलं ते लाकूड नव्हतं, जहाज होतं.

स्वीडनने तर एक पाऊल पुढचा विचार केला होता. व्हेटर्न सरोवरातल्या व्हिसिंग्सो बेटावर १८३० च्या दशकात आरमारासाठी ओकची मोठी लागवड झाली. वनखात्याने १९७५ च्या सुमारास आरमाराला कळवलं म्हणतात, की तुमचे ओक तयार आहेत, घेऊन जा. लाकडाच्या व्यापारात मागणी आणि पुरवठा यांच्यात कधीकधी दीडशे वर्षांचं अंतर पडतं, ते असं.

खोक्यात मावलेल्या छत्तीस खुर्च्या

मिखाएल टोनेट हा खुर्च्या बनवणारा जर्मन कारागीर ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात गेला आणि १८५६ मध्ये त्याने मोराव्हियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) कोरिचनी गावी कारखाना काढला. कारण साधं: आजूबाजूला बीचची रानं. बीचला वाफ दिली की तो वाकतो, हे त्याने पुरेपूर वापरलं. १८५९ ची त्याची १४ नंबरची खुर्ची आपण सगळ्यांनी पाहिली आहे, इराण्याच्या हॉटेलात मागे गोल कमान असलेली जी खुर्ची असते तिची ही मूळ आजी. मोजकेच सुटे भाग आणि थोडे स्क्रू. सुट्या केलेल्या अशा ३६ खुर्च्या १ घनमीटरच्या खोक्यात मावत.

१ घनमीटर म्हणजे काय, ते मघाशी पाहिलं. ओंडका म्हणून पाठवला असता तर तो एका ओळीचा माल झाला असता. खुर्च्या म्हणून गेला तेव्हा लाकडाच्या व्यापारातून तो बाहेरच पडला आणि फर्निचरच्या रकान्यात जाऊन बसला. १९५०-६० च्या दशकात डेन्मार्कने हेच केलं. सियाम, म्हणजे आजच्या थायलंडच्या सागात डॅनिश ईस्ट एशियाटिक कंपनीचा जुना पाय रोवलेला होता. तो साग कोपनहेगनला उतरे आणि नाजूक पायांची डॅनिश खुर्ची होऊन अमेरिकेला जाई. लाकडाच्या तक्त्यात डेन्मार्क फक्त गिऱ्हाईक, फर्निचरच्या तक्त्यात बडा विक्रेता. एकच तक्ता बघणाऱ्याला अर्धाच डेन्मार्क दिसतो.

आजचे आकडे वाचताना

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेकडे देशवार लाकडाचे आकडे १९६१ पासून आहेत. १९८८ पासून जगभर कस्टमचे एकसारखे कोड आले. ४४०३ म्हणजे ओंडके, ४४०७ म्हणजे ६ मिलिमीटरहून जाड फळ्या, ४४०८ व्हिनियर, ४४१२ प्लायवूड. खुर्च्या ९४०१, इतर फर्निचर ९४०३. घरबसल्या हे सगळं उतरवून घेता येतं, आणि इथेच माणूस घसरतो.

एक तर देशच बदलतात. १९६१ ते १९९१ चा 'युगोस्लाव्हिया' पुढे क्रोएशिया, स्लोव्हेनिया, बोस्निया वगैरे होतो. क्रोएशियातल्या स्लाव्होनिया भागाचा ओक आणि स्लोव्हेनियाचा बीच एकाच देशात इकडून तिकडे जायचा, तो एका वर्षात 'आंतरराष्ट्रीय व्यापार' झाला. झाड नवीन नव्हतं, सीमा नवीन होती. जर्मनीचं उलट: १९९० ला दोन रकान्यांचा एक झाला.

दुसरं, १९९३ पासून युरोपीय संघाच्या देशांमधल्या सीमांवरची कस्टमची चौकीच गेली. तेव्हापासून आपसातल्या व्यापाराचे आकडे कंपन्यांच्या विवरणपत्रांवरून घेतात, आणि ठरावीक उलाढालीखालच्या कंपन्यांना ते भरावं लागत नाही. हार्डवुडच्या धंद्यात छोट्या आरागिरण्या आणि छोटे दलाल पुष्कळ. १९९२ आणि १९९३ यांच्यात एखादा आलेख अचानक खाली वाकलेला दिसला, तर आधी जंगलाकडे नाही, फॉर्मकडे बघावं.

तिसरं म्हणजे बंदरांची किमया. आफ्रिकेतल्या कॅमेरून, काँगो, गॅबनहून आलेलं लाकूड बऱ्याच प्रमाणात बेल्जियमच्या अँटवर्पला उतरतं आणि तिथल्या गोदामांतून फ्रान्स, हॉलंड, जर्मनीकडे जातं. अशाने बेल्जियम आयातदार म्हणूनही फुगतो आणि निर्यातदार म्हणूनही. हॉलंडच्या बंदरामुळे सगळ्याच मालाच्या आकड्यांत असं होतं, म्हणून संख्याशास्त्रात याला 'रॉटरडॅम इफेक्ट' असं नावच पडलं आहे. तरी हॉलंड स्वतःही काही कमी वापरत नाही: पाण्यात न कुजणारं आफ्रिकेतलं अझोबे हे लाकूड तिथल्या कालव्यांच्या दारांना आणि धक्क्यांना लागतं.

२००८ च्या मंदीबद्दल थोडक्यात. त्याआधी स्पेनमध्ये घरबांधणीला ऊत आला होता. दारं, चौकटी, लाकडी जमिनी यांसाठी अमेरिकेचा व्हाइट ओक आणि आफ्रिकेचं लाकूड तिथे ओघाने जाई. बांधकाम थांबलं तसा तो ओघ आटला. युरोपची उष्णकटिबंधातल्या लाकडाची आयातही तेव्हा घसरली ती पूर्वीच्या पातळीला परतली नाही. यात मंदी किती, बदललेली आवड किती आणि कायदे किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. माझ्या मते लोकांना वाटतं त्यापेक्षा कायद्यांचा वाटा कमी आणि ओकच्या फॅशनचा जास्त. गडद महोगनी आता आजोबांच्या घरातली वाटते, फिकट ओक नव्या फ्लॅटमधला.

ओंडका बाहेर जाऊ द्यायचा का?

आता करवतीचं भांडण सरकारांच्या पातळीवर येतं. ज्याच्याकडे जंगल आहे त्याला एक दिवस उमगतं, की आपण ओंडका विकतो आणि मलई दुसराच खातो. इंडोनेशियाने १९८५ मध्ये ओंडक्यांच्या निर्यातीवर बंदी घातली आणि प्लायवूडचा मोठा उद्योग उभा केला. गॅबनने २०१० मध्ये तेच केलं. ओकुमे हे तिथलं प्लायवूडचं लाकूड दशकानुदशकं फ्रान्सला ओंडक्यांच्या रूपात जात होतं. आता राजधानी लिब्रव्हिलजवळच्या एनकोक औद्योगिक क्षेत्रात त्याचं व्हिनियर निघतं. आलेखात गॅबनची ओंडक्यांची रेघ त्या वर्षी कड्यावरून पडल्यासारखी दिसते. फक्त ती बघून 'गॅबनचा व्यापार संपला' म्हणाल तर शेजारची व्हिनियरची रेघ हसेल.

हे आफ्रिकेतच होतं असं नाही. युक्रेनने २०१५ मध्ये कच्च्या लाकडाची निर्यात बंद केली. युरोपीय संघाने हरकत घेतली आणि २०२० च्या डिसेंबरात लवादाने ही बंदी दोघांमधल्या करारात बसत नाही असा निर्णय दिला. क्रोएशियाने २०१७ मध्ये ओकचे ओंडके बाहेर न्यायला काही काळ मनाई केली, कारण दिलं पानांवर पडणाऱ्या एका किड्याचं. किडा खराच होता. पण सीमेपलीकडच्या इटालियन कारखानदारांचं पित्त खवळलं, यात नवल नाही. इटलीच्या उडीने प्रांतातल्या मान्झानो गावाभोवती खुर्च्यांचे कारखाने इतके, की त्या टापूला 'खुर्चीचा त्रिकोण' म्हणतात. त्यांचा कच्चा माल मोठ्या प्रमाणात पूर्वेकडूनच येतो.

सगळ्यात बोलकं उदाहरण मात्र फ्रान्सचं. श्रीमंत देश, उत्तम ओक, तीनशे वर्षांची वनव्यवस्था. तरी ओकचे ओंडके चीनला जाऊ लागले. चीनने २०१४ पासून टप्प्याटप्प्याने आपल्या नैसर्गिक जंगलांतली व्यापारी तोड बंद केली, त्यामुळे तिथल्या कारखान्यांची भूक बाहेर वळली. फ्रेंच आरागिरण्या ओरडू लागल्या की आम्हाला ओंडके मिळत नाहीत. २०१५ पासून सरकारी जंगलांतला ओक 'युरोपीय संघातच चिरला जाईल' अशा अटीवर विकायला सुरुवात झाली. गॅबनने फ्रान्सशी जे केलं, त्याच चालीची ही सौम्य आवृत्ती.

फ्रेंच ओकला एक अपवादही आहे, आणि तो मला फार मौजेचा वाटतो. उत्तम ओकवर करवत चालवतच नाहीत. वाइनच्या पिंपासाठी तो रेषांच्या बाजूने फाडावा लागतो, कारण चिरला तर दारू झिरपते. अमेरिकन व्हाइट ओकच्या लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या बारीक नळ्या आतून नैसर्गिकरीत्या बुजलेल्या असतात, म्हणून तो चिरला तरी चालतो. फाडण्यात ओंडक्याचा थोडाच भाग कामी येतो. मग त्या पट्ट्या दोन-तीन वर्षं उघड्यावर ऊन-पाऊस खातात. कोल्बेरच्या काळापासून आरमारासाठी राखलेलं त्रोंसे हे जंगल आज अशा पिंपांसाठी प्रसिद्ध आहे. नाशिकच्या काही वायनऱ्यांतही फ्रेंच ओकची पिंपं दिसतात. पण पिंपांचा कोड ४४१६. ओकच्या फळ्यांचा तक्ता उघडून बसलेल्याला ती दिसतच नाहीत.

२०२२ मध्ये युक्रेनवर रशियाचं आक्रमण झाल्यावर युरोपीय संघाने बेलारूस आणि रशियाच्या लाकडाला दार बंद केलं. बर्च प्लायवूडचा मोठा पुरवठा त्याने तुटला. थोड्याच दिवसांत तुर्कस्तान आणि कझाकस्तान इथून बर्च प्लायवूड वाढलं. कझाकस्तानची ओळख बर्चपेक्षा गवताळ माळांसाठी जास्त. चौकशी झाली आणि २०२४ मध्ये रशियन प्लायवूडवरचा जादा कर या दोन्ही देशांतून येणाऱ्या मालालाही लावला. आकड्यांत दोन नवे निर्यातदार उगवले होते, माल बराचसा जुनाच.

टेबल आत, खुर्ची बाहेर

बेकायदा तोडलेलं लाकूड बाजारात आणू नये, असा युरोपीय संघाचा कायदा ३ मार्च २०१३ पासून लागू झाला. त्याच्या यादीत ओंडके, फळ्या, प्लायवूड, टेबलं, कपाटं होती. खुर्च्या नव्हत्या. कोड ९४०१ त्यात घातलाच नव्हता. त्याच बीचचं टेबल आणलं तर कागदपत्रं दाखवा, खुर्ची आणली तर बसा. २०२३ च्या नव्या कायद्याने लाकडी खुर्च्याही यादीत घेतल्या आणि त्यापुढे जाऊन झाड जिथे उभं होतं त्या जमिनीचे अक्षांश-रेखांश मागितले. लागू व्हायची तारीख दोनदा पुढे ढकलली गेली आहे, पण दिशा कळते: करवतीच्या मागे जाऊन थेट बुंध्यापाशी. जोधपूर आणि सहारनपूरहून युरोपला फर्निचर पाठवणाऱ्यांनाही हे लागू होणार आहे.

खुर्च्या घरी पोचवायला काका आले तेव्हा चहा घेताना मी हे त्यांना सांगितलं. प्रत्येक खुर्चीसाठी झाडाचा पत्ता द्यावा लागणार म्हटल्यावर ते खुर्ची उलटी करून पायाचा सांधा तपासत राहिले.

"मग आंबाच बरा," ते म्हणाले. "झाड कुणाच्या बांधावरचं, ते मलाच माहीत असतं."